डावीकडचा बोल्ट

ड्राय फोर्क, वायोमिंग
१४ जून

लोवेल,

हा पत्ता आईच्या वहीतला आहे. बदलला असेल तर पत्र परत येईल आणि विषय तिथेच संपेल.

डॅडना मूसच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागला. सव्वीस वर्षं दर हिवाळ्यात अर्ज, दर उन्हाळ्याच्या तोंडावर नकार. यंदा होकार आला. नियम तुला ठाऊक आहेत. एक नर, एक ऑक्टोबरपासून हंगाम, ज्याच्या नावाचा परवाना त्यानेच गोळी झाडायची. आणि डॅडच्या वयाला हा पुन्हा लागणार नाही, हे सांगायला गणित लागत नाही. त्यांनी तो पाकिटात ठेवलाय, ड्रायव्हिंग लायसन्सच्या कप्प्यात. तो कप्पा मार्चपासून रिकामा होता.

कारण उजवा डोळा. पडद्याचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, मधोमध बघावं तिथे काही नसतं. डोळ्यात सुया देऊन झाल्या, उपयोग झाला नाही. डावा चांगला आहे; त्याच्या तपासणीचा रिपोर्ट ऑगस्टमध्ये येईल.

उजव्या खांद्यावर रायफल आणि तिच्यावरच्या दुर्बिणीला डावा डोळा, हे मान मोडल्याशिवाय जमत नाही. म्हणजे सगळी रायफलच डाव्या खांद्यावर न्यायची. पण डॅडच्या रायफलीचा बोल्ट, काडतूस आतबाहेर करणारा दांडा, उजवीकडे. डाव्या खांद्यावरून दर गोळीनंतर हात वरून पलीकडे टाकून तो ओढायचा. तो उलटा कारभार तू कुणापेक्षाही जास्त जाणतोस.

म्हणून मी घरीच एक डावी रायफल जुळवते आहे. बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा, म्हणजे ॲक्शन, डाव्या हाताची मिळाली. नळी, चाप, दस्ता, दुर्बीण निवडायची आहे. व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी दिवसभर मोजमापच करते, तेव्हा जुळवणीची काळजी नाही. माझ्याकडे नाही तो डावा हात. आपल्याकडे डावा एकटा तू.

दस्त्याचा गालाकडचा उंचवटा किती ठेवावा? सत्तर वर्षांच्या उजव्या माणसाला डाव्या खांद्यावर आणताना आधी काय बदलावं, हात की नजर? पोस्टकार्डावर दोन ओळी पुरेत. एवढंच विचारायचं होतं.

ॲडेलीन

डॅडना या पत्राची कल्पना नाही.


३ जुलै

लोवेल,

कार्ड मिळालं. शिक्का ॲस्टोरियाचा आहे, म्हणजे तू अजून बोटींची इंजिनंच बघत असशील. "तीन आठवडे रायफल दाखवूसुद्धा नकोस. चमचा, दात घासणं, कुलूप, बटणं, सगळं डाव्या हाताने. हात शिकला की खांदा आपोआप येतो." एवढंच लिहिलंस. पुरेसं होतं.

सोमवारपासून सुरुवात केली. हे कुणी सुचवलं ते सांगितलं नाही. डॅडना वाटलं कारखान्यातल्या कुणीतरी. पहिल्या दिवशी ओटमील शर्टावर, दुसऱ्या दिवशी शर्टावर आणि कुत्र्यावर. "कुत्र्याचं वजन वाढतंय, माझं घटतंय," म्हणाले. दाढी मात्र उजव्या हातानेच करू देते. घरात एवढं रक्त नको.

शनिवारी हार्लन पिट्सच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे फक्त ती ॲक्शन; क्रमांक तिच्यावर, कागद तिचे. बाकीचे भाग टपालाने दारात येतात. हार्लनने खोका उघडला, बोल्ट मागेपुढे करून बघितला आणि डॅडकडे वळला.

"डावी? वॉल्ट, तुझ्या घरात? छप्पर खाली येईल."

"छप्पर मी घातलंय. येणार नाही. कागद आण."

कागदावरची बारीक अक्षरं डॅडना वाचता येत नाहीत, म्हणून हार्लन एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होता. "जन्मतारीख?"

"तुझ्या आधीची. लिही."

"डोळ्यांचा रंग?"

"एक निळा. दुसऱ्याचं तू ठरव."

हार्लन हसला नाही. मान खाली घालून त्याने 'निळा' लिहिलं. सही करायला डॅडनी पेन डाव्या हातात घेतलं. मी म्हणाले, सहीला उजवा चालेल. त्यांनी पेन या हातातून त्या हातात दिलं आणि सही केली. ती सही सुरू झालेल्या ओळीवर संपली नाही.

नळी बावीस इंची घेतली. चोवीस जास्त चांगली, पण वर ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांतून नेताना ती अडकेल. कोणतं काडतूस यावरून वाद झाला. मला कमी धक्क्याचं हवं होतं. डॅड म्हणाले, "ॲड, मूस म्हणजे हरिण नाही. तो उभा केलेला ट्रक आहे. तीस-शून्य-सहा, नाहीतर मी दगड घेऊन जातो." तीस-शून्य-सहा ठरलं.

उंचवट्याबद्दल तू लिहिलं नाहीस.

ॲडेलीन


२६ जुलै

लोवेल,

नळी बसवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच, शिकंजा टेबलाला स्क्रूने आवळला. आईने हे चालू दिलं नसतं. काडतूस नळीत किती खोल बसतं ते दोन गेजांनी, म्हणजे मापाच्या तुकड्यांनी, तपासायचं असतं. एक आत घातल्यावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसरं घातल्यावर मिटता कामा नये. पहिल्यावर मिटला. दुसऱ्यावर अर्ध्यात थांबला. मी नट सोडून पुन्हा आवळला, पुन्हा तपासलं. सहा वेळा. हार्लन कॉफी प्यायला आला होता. म्हणाला, "पोरी, एवढ्या वेळा तर मी लग्नात अंगठी तपासली नव्हती."

"म्हणूनच ती बाई पळाली," डॅड म्हणाले.

दस्ता डॅडनी निवडला. हार्लनकडे डाव्या गालाचे तीन होते, तिन्ही अक्रोडाचे. जुनी पद्धत तुला आठवत असेल: डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. नजर आपसूक दुर्बिणीच्या मधोमध पडली तर दस्ता आपला. पहिल्या दोन्हींना त्यांनी नकाराची मान हलवली. तिसऱ्याला म्हणाले, "हा." घरी येऊन मी मोजलं. मी कागदावर काढलेल्या मापापेक्षा एक षोडशांश इंच कमी. त्यांचं बरोबर होतं, माझं नव्हतं. आता तुझ्या उत्तराची गरज नाही.

एक गोष्ट कळवते. त्यात माझं काही घालत नाही.

गुरुवारी सकाळी ओटमील खाताना डॅडनी चमचा मध्येच थांबवला. "त्या पोराला हेच उलटं मी किती वर्षं करायला लावलं?"

मी म्हणाले, "सात. दहाव्या वर्षापासून."

"तो काही बोलायचा नाही."

"बोलायचा. तुम्ही म्हणायचात, घरातली रायफल बापाकडून मुलाकडे जाते, डावी रायफल तुझ्याबरोबर संपेल."

त्यांनी चमचा खाली ठेवला. अंगणात गेले. कुंपणाच्या तारेपाशी बराच वेळ उभे होते, तार ओढून बघत. ती तार मेमध्येच नवी घातली आहे. परत आले आणि चमचा डाव्या हातात घेऊन राहिलेलं संपवलं.

माझ्याकडून एक बाकी होतं, ते आता लिहिते, कारण डाव्या हाताचे प्रश्न तुला विचारून हे न सांगणं बरोबर नाही. तू सतरा वर्षांचा असताना गवत कापून पैसे साठवून डाव्या हाताची ॲक्शन आणली होतीस आणि पलंगाखाली खोक्यात ठेवली होतीस. डॅडनी ती परत पाठवली. आईने सांगितलं असं तू धरून चाललास. आईने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मी चौदा वर्षांची होते आणि मला कुठे काय ठेवलं आहे हे माहीत असलेलं आवडायचं. आईला कळलं होतं मी सांगितल्याचं. तिने तुझा समज तसाच राहू दिला, शेवटपर्यंत. तिच्या अंत्यविधीला तू मागच्या रांगेत उभा राहिलास आणि कॉफीच्या आधी निघून गेलास. तेव्हा सांगायचं होतं. तुझी गाडी वळेपर्यंत मी थाळ्या मोजत बसले.

ॲडेलीन


१८ ऑगस्ट

लोवेल,

तुझं दुसरं कार्ड आलं. खोक्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. "डाव्या डोळ्याचा रिपोर्ट काय म्हणतो?" एवढा एकच प्रश्न. रिपोर्ट सहा तारखेला आला. त्याविषयी पुढच्या पत्रात.

रायफल पूर्ण झाली. चापाची ओढ अडीच पौंडांवर ठेवलीय. डॅडच्या डाव्या तर्जनीला अजून त्याहून हलकं झेपत नाही. दुर्बीण मात्र बदलली. आधी एक साधी, हलकी घेतली होती. ती परत करून मोठ्या भिंगाची घेतली, जास्त उजेड देणारी. आतली फुली बारीक रेषांची नाही. चार बाजूंनी चार जाड काळ्या पट्ट्या आत येतात, मधल्या जागेत त्या बारीक होतात आणि नेमक्या मध्यावर लाल ठिपका पेटतो. ठिपक्याचा उजेड अकरा पायऱ्यांचा.

"दिसतो?" मी विचारलं.

"दिसतो."

"सहावर ठेवू की आठवर?"

"तुला बरा वाटेल तिथे."

"डोळा तुमचा आहे, डॅड."

"मग आठ. दहा. घे, अकरा लाव आणि सोड मला."

शनिवारी हार्लनच्या खडीच्या खाणीत नेली. शंभर यार्ड. निशाणाचा कागद मी नेहमीसारखा सरळ लावला होता, चौकोन. डॅड म्हणाले, "तिरका लाव. एक कोपरा वर, एक खाली."

हार्लन ओरडला, "पतंग उडवतोस काय रे वॉल्ट?"

"कागद माझा, गोळी माझी. तू तुझ्या कानात कापूस घाल."

तीन गोळ्या. बोल्ट त्यांनी डाव्या हाताने मागे ओढला, पुढे ढकलला. एकदाही उजवा हात मध्ये आला नाही. मी चालत जाऊन कागद आणला आणि व्हर्नियर लावला. सर्वांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर, केंद्र ते केंद्र, नऊ दशांश इंच. पुन्हा तीन: एक पूर्णांक एक. डॅडचा उजव्या डोळ्याचा सगळ्यात चांगला कागद हार्लनने दुकानात लावून ठेवला आहे. त्यावर एक पूर्णांक दोन आहे.

हार्लनने कागद उन्हात धरला. भोकांवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हाताऱ्या, तू आयुष्यभर चुकीच्या बाजूने मारत होतास."

डॅड हसले. मीही हसले असावे, कारण हार्लन माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, हिला दात आहेत."

तो कागद या पाकिटात घातला आहे. तूच ठेव.

ॲडेलीन


९ सप्टेंबर

लोवेल,

रिपोर्ट.

डॅडना बारीक छापलेलं वाचता येत नाही, म्हणून त्यांचं टपाल मी वाचून दाखवते. वीजबिल, चर्चची पत्रकं, सगळं. सहा ऑगस्टला डोळ्यांच्या दवाखान्याचं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. पहिल्या दोन ओळी उजव्या डोळ्याच्या, जुन्याच. चौथी ओळ पुढच्या तारखेची. तिसरी ओळ मी वाचली नाही.

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की डाव्या डोळ्याच्या पडद्यातही मध्यभागी तीच सुरुवात झाली आहे, ती कोरड्या प्रकारची आहे, त्यावर सुई चालत नाही, आणि वेग अपेक्षेपेक्षा जास्त आहे.

मी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "बाकी ठीक."

"ठीक," ते म्हणाले.

त्याच दुपारी मी दुर्बीण परत पाठवली आणि मोठ्या भिंगाची मागवली. नंतर जाड पट्ट्यांची फुली, मग लाल ठिपका, मग गालाखाली चामड्याची पातळ गादी, कारण गाल वीस थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, वर आला तर डोळा दुर्बिणीच्या आणखी मधोमध बसेल असं मला वाटलं. गेला महिनाभर मी हेच करत आहे. संध्याकाळी कामावरून येते, रायफल खोलते, एक भाग बदलते, जोडते. जे बिघडतं आहे ते माझ्या टेबलावर नाही. ते माझ्या समोर बसून डाव्या हाताने पावावर रस्सा ओततं, आणि रस्सा अजून बशीतच पडतो, म्हणून मी ठरवते की वेळ आहे.

हे मी त्यांना सांगायला हवं. त्यांचा डोळा, त्यांचा परवाना. पण ऐकलं तर ते परवाना परत करतील. मी त्यांना तेवढं ओळखते. जनावर अर्धवट दिसत असताना त्यावर गोळी टाकणाऱ्याला ते माणसांत धरत नाहीत. आणि सांगितलं नाही, तर त्यांना अर्धवट दिसत असताना मी त्यांच्या हातात रायफल देणार. दोन्ही बाजूंनी मला बोल्ट मिटताना दिसत नाही.

खाणीतले कागद मात्र अजून तसेच येतात. परवा पुन्हा एक इंच. त्या एका आकड्यावर मी उभी आहे.

अंध शिकाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म असतो, सोबत्याला मदत करता येते. हार्लनने आणून ठेवला होता. डॅडनी त्यावर कॉफीचा मग ठेवला.

आता जे लिहायचं ते. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, एवढंच विचारायचं होतं. ते खरं नव्हतं. एक ऑक्टोबरला आम्ही वर जातो. सात दिवस. तू ये. त्यांच्यासाठी ये असं मी म्हणत नाही, तेवढा हक्क कुणाचा नाही. तिथे माझ्या बाजूला आणखी एक माणूस असावा, जो बघेल आणि सांगेल की मी चुकते आहे.

ॲडेलीन


२८ सप्टेंबर

लोवेल,

उत्तर नाही. टपालाला वेळ लागत असेल.

एक तारखेला पहाटे निघतो. जुना पूल ओलांडून डावीकडचा रस्ता, जिथे आई गाडीतून उतरायची नाही, तिथेच तंबू. ट्रकमध्ये तिसऱ्या माणसाचं सामान बसेल एवढी जागा ठेवली आहे. डॅडनी विचारलं, ही जागा कशाला. मी म्हणाले, मांसाला.

ॲडेलीन


१० ऑक्टोबर

लोवेल,

परवाना कोरा आहे आणि कोराच राहील. डॅड बरे आहेत. रायफल स्वच्छ करून कपाटात ठेवली.

तू आला नाहीस. बरोबर केलंस की चूक, ते माझ्याकडच्या कुठल्याच गेजने कळत नाही, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. काय झालं ते तेवढं लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

पहिले तीन दिवस माद्या आणि पिल्लं. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, ओढ्याकाठच्या विलोंमध्ये नर. मी आधी शिंगं बघितली. मला वाटलं कुणीतरी वाळलेलं झाड तिथे ओढून आणलंय. अंतर मोजलं: एकशे अडतीस यार्ड. वारा आमच्याकडे. तो आडवा उभा, डोकं खाली, चरत. सव्वीस वर्षांत माणूस जसा मागेल तसा.

डॅड पिशवीवर रायफल टेकवून पालथे झाले. मी त्यांच्या उजवीकडे.

"दिसतोय?"

"दिसतोय."

सुरक्षेचा खटका पुढे गेल्याचा आवाज आला. मी मनात मोजायला लागले. खाणीत त्यांना एका गोळीला आठ-नऊ सेकंद लागायचे. मी सत्तरपर्यंत आले. मग खटका मागे आला.

"ॲड, त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे."

"आणि मी कुठे धरलंय?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, "ठिपका बघा. ठिपका खांद्याच्या मागे आणा."

"ठिपका मला कधी दिसलाच नाही, पोरी. एक दिवसही नाही."

"खाणीत—"

"खाणीत कागद होता. कागदाला चार कोपरे असतात. वरचा कोपरा वरच्या पट्टीला लावायचा, खालचा खालच्या, डावा, उजवा. चारही लागले की मधे जे काही असेल ते मधे असतंच. ते बघायला लागत नाही." ते थोडं थांबले. "याला कोपरे नाहीत."

मी सगळं मोजलं होतं, लोवेल. नळी, चाप, दस्ता, गालाखालची गादी. सहा आठवडे मी कागदावरची भोकं मोजली आणि मला वाटलं मी डोळा मोजते आहे. माणूस जिथे बघतो नेमकं तेवढंच त्याला दिसत नाही, हे त्या रोगाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे, आणि मी त्याला असं यंत्र जुळवून दिलं ज्याचं सगळं काम मधल्या ठिपक्यावर चालतं.

डॅड म्हणाले, "तू सांग. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मी हलवतो. चाप मी ओढेन. परवाना माझा, बोट माझं. कायदा काही म्हणणार नाही."

मी त्यांच्या मागे आडवी झाले. त्यांच्या कानाजवळून नळीच्या टोकाकडे बघितलं. नळी मूसकडे होती. पण 'कडे' हे माप नाही. कानामागून बघून मला नळीच्या टोकाशी फार तर इंचाचा एक दशांश कळतो. तो पुढे तिथे जाईपर्यंत सोळा इंच होतो. सोळा इंच म्हणजे काळजाऐवजी पोट, आणि मग तो दोन दिवस झुडपांत मरत राहणार. दुर्बिणीतलं मला दिसत नव्हतं आणि दुर्बिणीबाहेरचं त्यांना. एका दुर्बिणीला दोन डोकी लावता येत नाहीत.

"नाही होणार, डॅड."

"तू धर. तू नेम बसव, मी नुसतं बोट घालतो."

"मग ती माझी गोळी."

"हो," ते म्हणाले. "मग ती तुझी गोळी." ते आधीच ठरलेलं असल्यासारखं म्हणाले. मला वाटतं ते मी नाही म्हणते का, एवढंच बघत होते.

त्यांनी बोल्ट उघडला. उठून बसायला मी हात दिला तो त्यांनी घेतला, एरवी घेत नाहीत.

"त्या पत्रात तू एका जागी थांबलीस," ते म्हणाले. "वाचताना. तू आकडे वाचताना सुद्धा थांबत नाहीस."

"तुम्हाला माहीत होतं."

"डोळा माझाच आहे ना. मला ते पत्र यायच्या आधीपासून माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही? मी अजून दुर्बिणी मागवत होते."

"तू टेबलाशी बसायचीस. रोज संध्याकाळी. तुझी आई गेल्यापासून तू त्या टेबलाशी बसली नव्हतीस." मग म्हणाले, "आणि मला वाटलं, असेलही काही. एखादा भाग. तुम्ही लोक काहीही शोधून काढता."

मी पिशवी उचलून झटकली.

एका बाजूला ऊन होतं, एका बाजूला थंडी. मी थर्मास उघडला. रायफल त्यांच्या मांडीवर, बोल्ट उघडा. थोड्या वेळाने त्यांनी तोंड ओढ्याकडे न वळवता विचारलं, "अजून आहे?"

मी बघितलं. तो आमच्याच बाजूला आला होता. आता शंभरही यार्ड नसतील. तोंडात विलोची एक अख्खी फांदी होती आणि तो ती पानांसकट ओरबाडत होता.

"गेला," मी म्हणाले.

त्याच वेळी फांदी मोडली. सुकी फांदी मोडते तसा आवाज, मग पाण्यात पाय टाकल्याचा, मग दुसरी फांदी. डॅडचे कान तुला माहीत आहेत. हार्लन गेटपाशी आला की ते स्वयंपाकघरातून सांगतात, हार्लन आला आणि त्याचा डावा बूट फाटलाय. त्यांची मान त्या आवाजाकडे एक बोटभर वळली आणि थांबली.

"हो," ते म्हणाले. "मी ऐकलं जाताना."

त्यांनी रायफलीतली काडतुसं एकेक करून काढली आणि खिशात टाकली. मग ओढ्याकडे पाठ करून बसले. मीही बसले.

तो चाळीस मिनिटं तिथेच होता. डॅडनी विचारलं, तुमच्या कारखान्यात हल्ली काय मोजता. मी सांगितलं, एका धरणाचे व्हॉल्व्ह आलेत, त्यांच्या बैठकीचा सपाटपणा. "सपाटपणा कसा मोजतात?" मी सांगितलं. "आणि तो बिघडला तर?" तेही सांगितलं. ते एक संपलं की दुसरं विचारत होते, मला श्वास घ्यायला न देता, आणि मी सांगत होते, जरा मोठ्या आवाजात, म्हणजे फांद्यांचा आवाज त्यांना ऐकू येत नाही असं दोघांनाही म्हणता यावं.

ॲडेलीन